काकांचं धुणं

जुनी लॅब पाडणार आहेत, त्याआधी सगळ्या जुन्या लोकांना एकदा बोलवायचं ठरलंय, असा फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. पाडायची तर पाडा की, त्यासाठी आमची तोंडं कशाला बघायला हवीत? पण फोनवरची पोरगी चिवट निघाली. "सिंथेसिसवाले काकासुद्धा येणार आहेत," म्हणाली. मी लगेच येते म्हणाले. मग लेकीला सांगितलं, शनिवारी कुठली कामं ठेवू नकोस, गाडी काढ, मला एका ठिकाणी न्यायचंय. मी कारण न सांगता एवढंच बोलले म्हणून ती घाबरली. "आई, तुला बरं आहे ना?" तिने दोनदा विचारलं.

मला लोक भांडकुदळ म्हणतात. म्हणोत. ज्या कामात मी आयुष्य घालवलं त्या कामात गोड बोलणाऱ्या माणसांचा काही उपयोग नसतो.

शनिवारी आम्ही जरा लवकरच पोचलो. सामान सगळं हलवलेलं, खोलीत नुसता आवाज घुमत होता. लेक म्हणाली, "एवढीशी खोली?" अस्सा राग आला मला! एवढीशी काय एवढीशी? ही इथे, जिथे फरशीत चार भोकं दिसतायत ना, तिथे काकांचं मशीन होतं. फरशीवर जो नारिंगी डाग आहे तो त्याच मशीनचा, घासून घासून हात दुखले पण गेला नाही. या खिडकीखाली माझं टेबल. ती दुसरी खिडकी कधीच उघडायची नाही, रंगाच्या थरांनी चिकटून बसली होती. दाराबाहेरच्या जिन्यावर आम्ही डबे खायचो, कारण आत खायला बंदी होती, आणि जिन्यावर ऊन यायचं. काका वरच्या पायरीवर, मी खालच्या, आणि आमचं भांडण मधल्या पायरीवर. मी बोलत गेले, बोलत गेले, आणि मध्येच पदराने डोळे पुसायला लागले. लेक खिडकीशी जाऊन उभी राहिली. शहाणी आहे ती, बापावर गेलीय.

आम्ही तिथे काय करायचो ते सांगते. औषधाच्या साखळ्या बनवायचो. त्यांना ऑलिगोन्यूक्लिओटाइड म्हणतात, पण एवढं नाव घ्यायला कुणाला वेळ होता, आम्ही ऑलिगो म्हणायचो. शरीरात डीएनए असतं ना, त्याच जातीची, पण अगदी तोकडी माळ. वीसेक मण्यांची. साधी माळ शरीरात गेली की शरीर तिचे तुकडे करून मोकळं होतं, म्हणून तिच्यात मुद्दाम बदल करायचे. इथे ऑक्सिजन काढून गंधक बसव, तिथे साखरेला एक शेपूट जोड. अशी बदललेली माळ टिकते आणि आपलं काम करते. ती माळ ओवायचे काका. मशीनमधल्या कॉलममध्ये, म्हणजे पूड भरलेल्या नळकांड्यात, एकेक मणी चढायचा, आणि नवा मणी चढवायच्या आधी आम्ल सोडलं की नळीतून नारिंगी पाणी यायचं. नारिंगी गडद आलं म्हणजे आधीचा मणी नीट बसला. काका त्या नळीकडे असे बघत बसायचे की वाटावं, यांना दुसरं जग नाही. खरंच नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घर म्हणजे झोपायची जागा.

प्रत्येक मणी प्रत्येक वेळी नीट बसला असता तर मला कुणी पगार दिला नसता. पण तसं होत नाही. कुठे एखादा मणी गळतो, कुठे एक जास्तीचा चिकटतो, कुठे गंधकाच्या जागी ऑक्सिजनच राहून जातो. असं सगळं खरं-खोटं मिसळून माझ्याकडे यायचं आणि मी ते वेगळं करायचे. ग्राफवर एक मोठा डोंगर दिसायचा, ते आपलं औषध. त्याच्या पायथ्याशी आणि खांद्यावर छोटे उंचवटे, ती अशुद्धी. कडा कुठे छाटायच्या ते मी ठरवायचे, आणि मी निर्दयपणे छाटायचे.

"अगं, अर्धं औषध गटारात ओतलंस!" काका हळहळायचे.

"नीट ओवलं असतं तर ओतावं लागलं नसतं."

"तिखट आहेस. मिरची नुसती."

तेव्हापासून सगळी लॅब मला मिरची म्हणायला लागली. मला आवडायचं ते, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही कधी.

काकांची दुसरी ख्याती म्हणजे त्यांची स्मरणशक्ती. कुठल्या बाटलीचं बूच कधी उघडलं, कुठल्या कॉलमला कोणाचा धक्का लागला, कोण कुठल्या दिवशी उशिरा आलं, सगळं तोंडपाठ. त्यांना टिपून ठेवायचा कंटाळा, आणि गरजही नव्हती. आमच्या मॅडम, म्हणजे लॅबच्या प्रमुख, कधी अडल्या की कपाटातल्या फायली सोडून काकांना विचारायच्या. काका आणि विसरणं या दोन गोष्टी एका वाक्यात कुणी घेत नसे.

त्या वर्षी मला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. आधीची दोन राहिली नव्हती. नवरा आणि डॉक्टर सोडले तर मी कुणालाही सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही, कारण दोनदा सांगून दोनदा तिचं रडणं ऐकलं होतं. लॅबमध्ये सांगायचा तर प्रश्नच नव्हता. गरोदर बाईला सॉल्व्हंटच्या खोलीत ठेवत नसत. बरोबरच होतं ते. पण मी कंत्राटावर होते, आणि कंत्राटावरच्या बाईला घरी पाठवलं की परत कुणी बोलवत नसे. शिवाय खरं सांगू का, आधीची दोन्ही मी घरी बसून, पाय वर करून, भिंतीकडे बघत असतानाच गेली होती. पुन्हा त्या भिंतीकडे बघायची माझी छाती नव्हती. मी हातमोजे घालायचे, मास्क घालायचे, माझ्या कोपऱ्यात बसायचे आणि कुणाला कळू न देता दिवस ढकलायचे.

सगळं जमलं असतं, पण धुणं जमेना.

धुणं म्हणजे काय तेही सांगायला हवं. माळ ओवताना प्रत्येक जोडावर एक टोपी घातलेली असते, नको त्या ठिकाणी नको ते चिकटू नये म्हणून. माळ पूर्ण झाली की अमोनिया घालून टोप्या उतरवायच्या. आता गंमत अशी की उतरलेली टोपी स्वस्थ बसत नाही. ती दुसऱ्याच मण्याच्या डोक्यावर जाऊन बसते आणि मग निघता निघत नाही. म्हणून अमोनियाच्या आधी अमाइन नावाच्या द्रवाने कॉलम सावकाश धुवायचा, म्हणजे टोप्या आधीच वाहून जातात. साधं काम, पण त्या अमाइनचा वास! कुजलेल्या माशांचं टोपलं कुणी तोंडाशी धरावं तसा. छताजवळचा पंखा घरघर करायचा खूप, ओढायचा काही नाही. काकांचं धुणं सुरू झालं की मी बेसिनकडे पळायचे.

"ॲसिडिटी झालीय," मी म्हणायचे.

"सोडा पी," काका म्हणायचे, आणि नळीकडे बघत राहायचे.

मग काही दिवसांनी मला जाणवलं की वास येतच नाही. मी म्हटलं, चला, सुटले, उलट्यांचे दिवस संपले. अंगात हुशारी आली. त्याच सुमारास लॅबला पहिलं मोठं काम मिळालं होतं. पहिल्यांदाच आमची माळ खऱ्या रोग्यांना द्यायची होती, चाचणीसाठी. त्यासाठी मोठा कॉलम आणला होता, आणि मॅडमचा जीव टांगणीला लागला होता. बॅच हातची गेली की काम दुसऱ्या कंपनीकडे जाणार हे लिफ्टवाल्यालाही माहीत होतं.

आणि माझ्या डोंगराच्या खांद्यावर उंचवटा आला.

मी आधी कडा छाटल्या. गेला नाही. आणखी छाटल्या. डोंगराचा सुळका करून टाकला, तरी तो आपला चिकटून. वजन काढायच्या मशीनवर घातलं तर आकडा आला: माळेचं जे वजन असायला हवं त्याहून त्रेपन्न डाल्टन, म्हणजे एखाद्या चिमुकल्या रेणूएवढं, जास्त. पुढच्या बॅचलाही त्रेपन्न जास्त. मी काकांना जिन्यावर गाठलं आणि जे काही बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. "माळ ओवताय की वरण घाटताय?" हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य. एरवी काकांनी मला एकाला दोन ऐकवली असती. त्या दिवशी ते डबा बंद करून उठून गेले. मला ते विचित्र वाटायला हवं होतं, पण मी रागात होते, आणि रागात मला काही दिसत नाही.

मॅडमनी शोध सुरू केला. पाणी बदललं, आम्ल बदललं, मण्यांच्या बाटल्या बदलल्या. मध्येच मला थोडा त्रास झाला आणि डॉक्टरांनी आठवडाभर झोपवून ठेवलं. कंबर धरलीय असं मी लॅबला कळवलं. परत आले तर सगळे खुशीत, त्या आठवड्यातल्या बॅचेस स्वच्छ निघाल्या होत्या, उंचवट्याचा मागमूस नाही! आणि मी आल्यावरची पहिलीच बॅच, त्रेपन्न जास्त.

कुणाच्या लक्षात आलं कोण जाणे. मॅडमनी सगळ्यांना खोलीत बोलावलं, फळ्यावर एका बाजूला खराब बॅचेस लिहिल्या, दुसऱ्या बाजूला चांगल्या, आणि माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "तू असतेस तेव्हा खराब होतात. तू नसतेस तेव्हा होत नाहीत. मला याचा अर्थ सांग."

मी काय सांगणार कपाळ? मी सगळं नेमानं करत होते, देवाशपथ करत होते, पण फळा माझ्याच नावाने बोंब मारत होता. शेजारचा ॲनालिसिसवाला हळूच म्हणाला, "पायगुण, दुसरं काय," आणि दोघं-तिघं हसले. मॅडम नाही हसल्या. "उद्यापासून तू या खोलीत येऊ नकोस," त्या म्हणाल्या. "कारण कळेपर्यंत."

कारण कळेपर्यंत म्हणजे कायमचं, हे मला कळत होतं. माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझ्या!

तेवढ्यात काका स्टुलावरून उठले.

"तिचा काही संबंध नाही," ते म्हणाले. "मी धुणं विसरलो."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मॅडम म्हणाल्या, "काका, किती बॅचेसना?"

"जितक्या खराब निघाल्या तितक्यांना."

"तुम्ही? विसरलात?"

"वय झालं, मॅडम. हल्ली आठवत नाही." आणि ते हसले. कसनुसं, ओशाळं हसू, त्यांच्या चेहऱ्यावर मी आधी कधी न पाहिलेलं. मॅडम खुर्चीत बसल्या. खराब बॅचेस फेकून दिल्या. एकही थेंब कुणा रोग्यापर्यंत गेला नाही, ती उंचवट्याची कटकट वेळेवर दिसली म्हणून. पण ज्याला कामाच्या पायऱ्या आठवत नाहीत त्याच्या हातात औषध देता येत नाही. काकांना मशीनवरून उठवून खाली स्टोअरमध्ये बसवलं.

मी सुटले होते. कुणीही समजूतदार बाई घरी जाऊन झोपली असती. मी रविवारी सकाळी काकांच्या दारात उभी. त्यांनी दार उघडलं तेव्हा हातात इस्त्री होती.

"खोटं का बोललात?"

"आत ये. चपला काढ. बस. मग भांड."

"तुम्ही विसरलात? तुम्ही? मी पहिल्या दिवशी कुठल्या चपला घालून आले होते ते सांगता तुम्ही!"

"हिरव्या," काका म्हणाले. राहवलंच नाही त्यांना. "डाव्या चपलेचा पट्टा शिवलेला होता, पांढऱ्या दोऱ्याने."

"मग?"

त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. शर्टाची घडी घातली, बाजूला ठेवली. मी थांबले, म्हणजे बघा.

"ॲसिडिटी म्हणे," ते म्हणाले. "माझं लग्न झालेलं होतं, मिरची. मला ॲसिडिटी कळते."

माझा हात आपोआप पोटाकडे गेला.

"आधी मी धुणं तू गेल्यावर करायला लागलो. पण वास सकाळपर्यंत जाईना, तू आल्या आल्या बेसिनकडे पळायचीस. पंखा दुरुस्त करा म्हणून ऑफिसात सांगून सांगून थकलो. मग म्हटलं, पूर्वी छोट्या कॉलमला आम्ही कुठे हे धुणं करायचो? साध्या सॉल्व्हंटने खळबळायचं आणि सरळ अमोनियात टाकायचं, काही बिघडत नसे. तसंच केलं. हा कॉलम मोठा, टोप्या जास्त, त्याच चिकटल्या, तेच तुझं त्रेपन्न. माझा अंदाज चुकला. तू सुट्टीवर गेलीस तेव्हा रीतसर धुतलं, लगेच स्वच्छ आलं. तेव्हाच समजलो. तू परत आलीस त्या सकाळी अमाइनची बाटली हातात घेतली होती मी. तू दारातून आत आलीस, चेहरा पांढराफटक. ठेवून दिली."

"मला सांगायचं होतं ना, काका! मी त्या दिवशी बाहेर जाऊन बसले असते!"

"काय सांगायचं होतं? तू कुणाला सांगितलं नव्हतंस. मग मला कसं माहीत असेल?"

मी रडायला लागले. मला रडताना कुणी बघितलेलं आवडत नाही, म्हणून मी रडता रडता त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं होतं हा शहाणपणा करायला? कोण लागते मी तुमची? रोग्यांना द्यायचं औषध होतं ते, हे तुम्हाला कळत नव्हतं? ते खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, "कळत होतं. चुकलंच ते. तू पकडशील एवढी खात्री होती, पण खात्रीवर औषध करायचं नसतं."

थोड्या वेळाने ते आपणहून बोलायला लागले. त्यांची बायको याच धंद्यात होती, दुसऱ्या कंपनीत. तिला दिवस गेले तेव्हा तिलाही तो वास सहन व्हायचा नाही. "ती सांगायची मला रोज. आणि मी काय म्हणायचो माहीत आहे? सवय होईल. रोज हेच. सवय होईल, सवय होईल. आमचं नाही राहिलं. वासामुळे गेलं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. पण ती बेसिनवर वाकलेली असायची आणि मी मागे उभा राहून म्हणायचो, सवय होईल. तुला बघितलं की मला तेच दिसायचं."

मी डोळे पुसले. "उद्या मॅडमना सगळं खरं सांगते," मी म्हटलं.

"सांग की. मग काय होतं तेही ऐक. विसरणाऱ्या म्हाताऱ्याला स्टोअरमध्ये बसवतात. जाणूनबुजून पायरी गाळणाऱ्याला दाराबाहेर काढतात, आणि या धंद्यात मग कुणी उभं करत नाही. माझं दुसरं काय आहे? आणि तू, तू परवापासून घरी. त्यापेक्षा मी विसरलो, हे सगळ्यांच्या सोयीचं आहे."

"पण लोक तुम्हाला हसतील. तुम्हाला, काका!"

"हसू देत. शब्द दे मला. मी मरेपर्यंत तोंड उघडायचं नाही."

"तुमच्या मरायची वाट बघत बसायला मला वेळ नाही," मी म्हटलं. पण शब्द दिला.

मॅडमनी त्याच आठवड्यात पंखा बदलून घेतला, आणि धुण्याच्या पायरीवर दोन माणसांच्या सह्या लागायला लागल्या. नवी बॅच लख्ख निघाली. काम आमच्याकडेच राहिलं. पोट दिसायला लागलं तेव्हा मी मॅडमना सांगितलं. मला वाटलं, संपलं आता. पण त्यांनी मला बाहेरच्या खोलीत टेबल दिलं, आणि बाळंतपणानंतर परत ये असं स्वतः म्हणाल्या. चांगल्या होत्या त्या, मीच उगाच घाबरून होते. परत आले तर मला काकांच्या मशीनवर बसवलं. पुढची सगळी वर्षं मी त्याच मशीनवर माळा ओवल्या.

आणि काका खाली स्टोअरमध्ये. मला आज लॅबची आठवण येते तेव्हा ऊन येणारा जिना आठवतो, आमची भांडणं आठवतात, आणि सुख वाटतं. पण त्याच्यासोबत हेही आठवतं. "काका, चष्मा डोळ्यांवरच आहे बरं का." "काका, घर कुठे आहे आठवतंय ना, का सोडायला येऊ?" येता-जाता कोणीही टपली मारून जायचं. ज्यांना काकांनी हाताला धरून शिकवलं होतं तेसुद्धा. आणि काका ते ओशाळं हसू हसायचे. कोणती वस्तू कुठल्या फळीवर आहे हे त्यांना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं, तरी लोकांसमोर ते मुद्दाम शोधल्यासारखं करायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. कधी कधी ते वर यायचे आणि दाराच्या काचेतून नारिंगी नळीकडे बघत उभे राहायचे. आत यायला त्यांना परवानगी नव्हती. मी नळी त्यांना दिसेल अशी थोडी सरकवून ठेवायचे. त्यांच्यात आणि माझ्यात यावर एक अक्षर कधी निघालं नाही. माझी मुलगी बघायला ते घरीही आले नाहीत. मी आलो तर लोक विचारतील हा का आला, म्हणाले. मग निवृत्त झाले आणि पुतण्याकडे राहायला गेले, दूर.

तर तो शनिवार. खाली मांडव घातला होता, खुर्च्या होत्या, चहा होता. काका पहिल्या रांगेत बसले होते. वाळून कोळ झाले होते, कानात मशीन, हातात काठी. मला बघून त्यांनी काठी नुसती थोडी उचलली. मी मागे लेकीजवळ जाऊन बसले, कारण जवळ गेले असते तर तिथेच रडले असते.

नवे साहेब भाषणाला उभे राहिले. तरुण, हुशार, बोलणं फर्डं. जुन्या मॅडमच्या आठवणी सांगितल्या, कंपनी कशी वाढली ते सांगितलं. मग म्हणाले, "आपल्या सगळ्या प्लांटमध्ये धुण्याच्या पायरीला आजही दोन सह्या लागतात. का माहीत आहे? कारण एकदा आपले हे काका धुणंच विसरले! एकदा नाही, चांगल्या पाच-सहा बॅचेसना! त्यांच्या विसरभोळेपणाने आपल्याला शिस्त लावली. काका, आज इथे यायचं आठवलं, याबद्दल टाळ्या झाल्याच पाहिजेत!"

मांडव हसला. टाळ्या पडल्या. आणि काका हसले. तेच हसू. इतक्या वर्षांनीही तेच.

मी कधी उभी राहिले मला कळलं नाही.

"साहेब, टाळ्या थांबवा," मी म्हटलं. माझा आवाज माइकशिवायही पुरतो. "हा माणूस जन्मात काही विसरलेला नाही."

"मिरची!" पुढून काकांचा आवाज आला. "खाली बस. शब्द दिला होतास."

"दिला होता. मोडला. काढा मला कामावरून!" लोक हसायला लागले, पण मी थांबले नाही. "धुणं त्यांनी मुद्दाम गाळलं. अमाइनच्या वासाने मी रोज ओकत होते. पोटात मूल होतं, आधीची दोन गेली होती, आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांना न सांगता कळलं. चूक होती ती, मोठी चूक होती, औषधाच्या कामात असं करायचं नसतं आणि मी त्यांना तोंडावर सांगितलंय. पण तुम्ही माझ्यावर आळ घेतलात तेव्हा ते उठले आणि म्हणाले, मी विसरलो. मशीन गेलं त्यांचं. तुम्ही सगळे इतकी वर्षं त्यांना हसलात आणि त्यांनी हसू दिलं. ते मूल ही माझी मुलगी. इथे बसलीय. हसा आता."

कुणीही हसलं नाही. साहेब माइक धरून तसेच उभे. मला वाटलं, मी केलं काय हे. काका आता तोंड फिरवतील, आयुष्यात माझ्याशी बोलणार नाहीत.

माझ्या शेजारची खुर्ची वाजली. लेक उठली होती. तिला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. ती खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेली आणि काकांसमोर गुडघ्यांवर बसली. "काका," एवढंच म्हणाली.

काकांनी तिच्याकडे निरखून बघितलं. मग म्हणाले, "तीन किलो शंभर ग्रॅम."

तिला कळेना.

"जन्मलीस तेव्हा. तुझ्या बाबांनी दवाखान्यातून स्टोअरला फोन केला होता, तो मीच घेतला. मंगळवारी. शुक्रवारी पुन्हा त्यांचाच फोन, दोन किलो नऊशे झालं होतं, तुझी आई घाबरली होती, पण पुढच्या गुरुवारी भरून आलं. तीन एकशे पन्नास. पहिला दात खालचा, उजवीकडचा. चालायला लागलीस ती खिडकीच्या गजाला धरून, तुझ्या आईने जिन्यावर कुणाला तरी सांगितलं होतं, मी ऐकलं."

ती रडत होती. मला तर त्यातलं शुक्रवारचं काहीच आठवत नव्हतं, अजूनही आठवत नाही. त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"रडू नकोस," ते म्हणाले. "माझ्या पाच-सहा बॅचेस गेल्या. त्यांचं मला कधीच वाईट वाटलं नाही."

मग मान वळवून मला म्हणाले, "आणि तू. आता तरी खाली बस."

मी बसले.